मागितलेलं मत

बौरोची बस थांबली नाही. माएरेने हात वर केला होता, काखेत शिवलेल्या तिबुतांचं, म्हणजे चुणीदार पोलक्यांचं गाठोडं होतं, आणि नानिकाईच्या त्या नीरफणसाच्या झाडाखाली दुसरं चिटपाखरूही नव्हतं, की हात कुणा भलत्यासाठी केला असं बौरोला वाटावं. बस भरलेली नव्हती. मागच्या खिडकीशी रिकाम्या जागा तिला स्पष्ट दिसल्या. टपावर राष्ट्राध्यक्षाच्या पक्षाचा लाल झेंडा, आरशाला लाल फडकं, आत गाणं ठणाणा लावलेलं, आणि काचेमागे बौरोचा चेहरा. त्याने तिच्याकडे पाहिलं नसतं तर ती स्वतःची समजूत घालू शकली असती, ऊन डोळ्यांवर आलं असेल म्हणाली असती. पण त्याने पाहिलं. पाहून दोन्ही भुवया उचलल्या, इकडे माणूस तोंड न उघडता 'हो' म्हणतो तशा, लहानपणापासून त्याच्या कपाळावर ती बघत आली होती तशा, आणि तिच्या अंगावर धूळ उडवून बस बैरिकीच्या दिशेने गेली. हो, दिसलीस. हो, थांबत नाही. खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "हिरव्यांनी पोहत जावं!" आतली माणसं हसली. लगूनला भरती होती आणि पाणी रस्त्याच्या कडेला लागलं होतं, त्यामुळे विनोद तसा बरा होता. दुसऱ्या कुणावर केला असता तर माएरेही हसली असती.

दुसरी बस आली, तिच्यात ती चढली, बैरिकीला उतरली, चर्चच्या बायकांना तिबुता देऊन आली. हे सगळं तिच्या हातापायांनी केलं. ती स्वतः त्या झाडाखालीच उभी होती. भाऊ रागावला तर रागावला, त्याचं तिला एवढं नव्हतं. बौरो लहानपणापासून तापट. ताडीसाठी माडावर चढला की वरून गाणं म्हणायचा, कारण माडावरच्या माणसाने गायचंच असतं, खालच्यांना कळावं वर कोणी आहे म्हणून. आणि खाली माएरेने करवंटी धरायला उशीर केला की तेच गाणं तिला शिव्या घालत पुढे चालू राहायचं, सुरात. ती खाली उभी राहून हसत सुटायची. तो राग तिला ठाऊक होता, त्याला चव होती. आजच्या भुवयांना ती नव्हती. आज त्याने तिच्याकडे पाहिलं ते बैरिकीच्या बाजारात शिळी मासळी ताजी म्हणून विकणाऱ्या बाईकडे पाहावं तसं. म्हणजे त्याचा तिच्या शब्दावर विश्वास नव्हता. हे तिच्या नीट ध्यानात आलं ते परतीच्या बसमध्ये, दोन बेटं जोडणाऱ्या कॉजवेवर, दोन्ही बाजूंना पाणी असताना.

कारण शब्द तिने दिला होता. आपलं मत तिने बौरोला देऊन टाकलं होतं.

शब्द दिला त्या संध्याकाळी तो आला होता तेव्हा ती मशीनवर होती. मशीन हाताने फिरवायचं, जर्मन, बौरोनेच आणलेलं. जहाजावर होता तेव्हा हाम्बुर्गहून त्याने ते आपल्या बायकोसाठी आणलं, बेरेतीसाठी, आणि घरी पोचून खोकं उघडेपर्यंत माएरे तिथे हजर होती. तिने बुबुती केली. बुबुती म्हणून रक्ताच्या माणसाने मागितलं की नाही म्हणता येत नाही. कुऱ्हाड मागो, डुक्कर मागो, अंगावरचा शर्ट मागो. नाही म्हणणाऱ्याला गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही, आणि देणाऱ्याला उद्या उलट मागायचा हक्क मिळतो. बौरोने एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे, आणि भुवया उचलल्या. बेरेतीने तेव्हा तोंडातून अक्षर काढलं नाही, म्हणजे नंतर इतकी वर्षं काढायला ते तिच्याकडे शिल्लक राहिलं. तर त्या मशीनवर माएरे हिरव्या कापडाला चुण्या घालत होती, आणि बौरो येऊन समोरच्या चटईवर बसला, पोरांना घेऊन आला होता, म्हणजे साक्षीला. बराच वेळ मासळीबद्दल बोलला. मग म्हणाला, "माझ्याच मशीनवर शिवतेस."

"तुझं कसलं? दिलंस ते दिलंस."

"तेच म्हणतो मी. दिलं." त्याने पोरांकडे पाहिलं. "आता मी मागतो. माएरे, तुझं मत मला दे. बुबुती करतो."

तिच्या हातात चाक तसंच राहिलं. मत कुणी असं मागत नाही, ही मागायची वस्तूच नव्हे, असं तिने म्हणायला हवं होतं. पण मागायची नसलेली वस्तू कोणती, हे कुठे कुणी ठरवून ठेवलंय? माणसं बुबुतीत लेकरूसुद्धा मागतात आणि वाढवतात. आतल्या बाजूला तिची मुलगी रोतिया तांदूळ निवडत होती, तिचे हात थांबल्याचं माएरेला पाठीमागून कळलं. रोतियामुळेच तर माएरे हिरवी झाली. राष्ट्राध्यक्षाने एका देशाची मैत्री मोडून दुसऱ्याची जोडली, जुन्यांच्या वकिलातीवरचा झेंडा उतरला, आणि त्या देशात नर्सिंग शिकायला गेलेली रोतिया अर्ध्यावरून परत आली. विमानतळावर तिने आईला मिठी मारली नाही. बॅग खाली ठेवली आणि तिच्यावर बसून राहिली. या माणसाला माएरे मत देणार? आणि बौरोला तरी काय, त्याच्या सासुरवाडीची सगळी माणसं बाहेरच्या बेटावर खोबरं वाळवून जगतात, आणि खोबऱ्याला भाव दिला तो याच राष्ट्राध्यक्षाने. बेरेतीच्या म्हाताऱ्या बापाला त्या भावामुळे पहिल्यांदा दात बसवता आले. बौरो ते दात लोकांना दाखवत असे, म्हणजे सासऱ्याला तोंड उघडायला लावत असे. दोघांचंही खरं होतं, हीच तर पंचाईत. खोट्याशी भांडणं सोपं असतं.

माएरेने भुवया उचलल्या. बौरो उठला, पोरांना घेऊन गेला. जाताना त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता, उलट काहीतरी चोरल्यासारखा तो भराभर चालत होता.

रोतिया मग तिच्या समोर येऊन बसली. रागावली नाही, तेच वाईट. म्हणाली, "आई, तिथे पडदा असतो. पडद्याआड तू आणि कागद. कोण बघतंय?" माएरे म्हणाली, "मी." असं पटकन म्हणून झालं, आणि मग तिला स्वतःचा अभिमानही वाटला, थोडा. त्या दिवसापासून ती मनाशी धरून होती की देणार. हात भाजला तरी देणार. पण बौरोने मत मागितलं होतं, तिचं तोंड नव्हे आणि हातही नव्हेत. तेव्हा ती हिरव्या तिबुता शिवत राहिली, हिरव्यांच्या सभांना जात राहिली, आणि भाषणांना मोठ्याने टाळ्या वाजवत राहिली, कदाचित जास्तच मोठ्याने. यात काही खोटं आहे असं तिला वाटलं नाही. हिशेब स्वच्छ होता. तो बौरोला कळत नसेल हे तिच्या डोक्यातच आलं नाही. कारण शब्द देऊन झाल्यावर पुन्हा पुन्हा सांगायचं काय असतं?

पण माणसं बोलतात. बौरोच्या बसमध्ये बोलत असणार, हे आता तिला ऐकू येऊ लागलं. काय रे बौरो, बहीण दिसली काल, हिरव्यांच्या ट्रकवर, झेंडा धरून. तुला मत दिलंय म्हणे? छान, छान. सगळं बेटच असं झालं होतं. मनेआबात, गावच्या सभाघरात, प्रत्येक घराण्याची बसायची जागा आजोबा-पणजोबांपासून ठरलेली, तिथे आता माणसं आपल्या जागी यायची आणि समोरच्याकडे पाठ करून बसायची. नाचाच्या वेळी अर्धे लोक टाळी धरत नसत. आणि बैरिकीच्या चौकात हिरव्यांच्या ट्रकवर प्रवाळाचे दगड आले तो दिवस. माएरे ट्रकवर होती. एक दगड तिच्या शेजारणीच्या कानाजवळून गेला आणि टपावर वाजला, त्या आवाजाने सगळं गाणं बंद पडलं. खाली लाल शर्टांची गर्दी, आणि गर्दीत बौरो. त्याच्या हातात दगड नव्हता, हे तिने पहिलं पाहिलं. मग पाहिलं की तो दगड मारणाऱ्याला अडवतही नव्हता. त्यांची नजरानजर झाली. घरी आल्यावर तिने ही गोष्ट मनातून बाजूला सारली होती, आणि आता बसच्या धुळीबरोबर ती पुन्हा पुढे आली. त्या क्षणी त्याने काय पाहिलं असेल? ट्रकवर उभी असलेली, आपल्याला शब्द दिलेली, खोटारडी बहीण.

दुसऱ्या दिवशी, मतदान उद्यावर आलेलं असताना, तिने मशीनला हात लावला नाही. मीठ लावलेला मासा करपला. बौरोकडे जाऊन सांगावं, अरे बाबा, देणार आहे मी तुझ्या माणसाला, असं तिच्या मनात सतरा वेळा आलं. पण सांगायला जाणं म्हणजेच शंकेला जागा आहे असं कबूल करणं. आणि सांगून तरी तो मानेल कशावरून? तिने उद्या खरोखर लालला मत दिलं तरी बौरोला ते कधीच कळणार नव्हतं. पेटी फोडतील, कागद मिसळतील, तिचा कागद कुठला हे देवालाही शोधावं लागेल. ती खरं वागली तरी जन्मभर त्याच्या लेखी खोटीच. हा विचार तिला सहन होईना. आपल्यावर होणारा अन्याय माणसाला फार लवकर दिसतो आणि मग त्याच्याभोवती तो फिरत राहतो. माएरे तशी फिरत राहिली, आणि फिरता फिरता संध्याकाळी तिला सुचलं, आणि सुचल्यावर ती स्वतःलाच भ्यायली.

मतदानाच्या सकाळी ती बौरोच्या घरी गेली. घराच्या उंच ओट्यावर लाल शर्टांची बैठक होती, चहा आणि पाव चालला होता, मग सगळे मिळून निघणार होते. मधे म्हातारा इओतेबा बसला होता, लालांचा मोठा पुढारी, जीभ सुरीसारखी. तिला पाहून म्हणाला, "या, या. रस्ता चुकलात की पक्ष?" लोक हसले. बौरो हसला नाही. बेरेतीने कप पुढे केला तो रीत म्हणून. माएरेने तो घेतला नाही, ओट्याच्या कडेवर बसली आणि म्हणाली,

"बौरो, तू माझं मत मागितलंस, मी दिलं. आज मी तुझं मागते. बुबुती करते."

पावाचा घास तोंडात तसाच ठेवून माणसं बघत राहिली. समुद्राच्या बाजूने लाटांचा आवाज येत होता, तो एवढा मोठा असतो हे माएरेला कधी जाणवलं नव्हतं. बेरेती म्हणाली, शांतपणे, इतक्या वर्षांची सगळी अक्षरं एकदम, "मशीन पुरलं नाही वाटतं."

"अरे देऊन टाक," इओतेबा म्हणाला. "इथे हो म्हण, तिथे पडदा असतो."

बौरोने मान वर केली नाही. त्याच्या शर्टावर राष्ट्राध्यक्षाचा चेहरा छापलेला होता, आणि तो खाली बघत असल्यामुळे जणू छापील चेहराच माएरेकडे बघत होता. त्याने या माणसासाठी महिनोन्‌महिने बस फुकट फिरवली होती, घसा बसवला होता, सोयरे तोडले होते. आता माएरेला वाटलं, उठावं आणि म्हणावं, राहू दे, मी परत घेते, गंमत केली. बुबुती परत घेता येत नाही असं काही नाही. पण मग झाडाखालची धूळ पुन्हा तिच्या तोंडात आली आणि ती बसून राहिली. बौरोने मान वर केली. डोळे लाल झाले होते. त्याने भुवया उचलल्या, सगळ्यांदेखत. एक जण चहाचा कप आपटून उठून गेला. इओतेबा थुंकला आणि हसला, म्हणजे पडद्यावर त्याचा भरवसा होता.

शाळेत रांग लांब होती. लाल एका बाजूला, हिरवे एका बाजूला असं व्हायला नको म्हणून शिपाई माणसं मिसळून उभी करत होते, आणि मिसळलेली माणसं एकमेकांना न शिवता उभी होती. बौरो तिच्या पुढे होता, मधे चार-सहा जण. त्याच्या मानेवर घाम होता. त्याची पाळी आली, तो पडद्याआड गेला, आणि लगेच बाहेर आला. एवढं लगेच की माएरेने अजून श्वासही सोडला नव्हता. पेटीत कागद टाकला आणि इकडे तिकडे न बघता, जवळजवळ पळतच, तो फाटकाबाहेर गेला.

ते 'लगेच' तिच्याबरोबर पडद्याआड आलं. कागदावर दोन नावं होती, दोरीने बांधलेलं पेन होतं, आणि सुरुवातीला तिचा हात अगदी तयार होता. लालच्या नावापाशी पेन नेलंही. मग तिला वाटलं, ज्याला स्वतःच्या विरुद्ध खूण करायची असते तो इतक्या लवकर बाहेर येतो का? मी बघ, मी केव्हाची उभी आहे. ज्याचा हात सवयीनेच आपल्या माणसाकडे जातो तो येतो लवकर. इओतेबाने सांगितलंच होतं त्याला. ट्रकवर दगड आला तेव्हा तो उभाच होता. त्याने भुवया उचलल्या, हो. झाडाखालीही उचलल्याच होत्या, आणि बस गेली होती. पेन तिथेच होतं. रोतिया विमानतळावर बॅगेवर बसली होती आणि तिची नवी पांढरी पायताणं फरशीला लागत नव्हती, कारण बॅग मोठी होती, सगळी पुस्तकं तिच्यात होती. म्हणजे आज लालला दोन मतं, माएरेचं आणि बौरोचं, आणि रोतियाच्या बाजूला रोतियाचं एकटीचं. असा मूर्खपणा कोण करतं? बाहेरून कुणीतरी खाकरलं. ती इतका वेळ आत होती की खाकरणं योग्यच होतं. माएरेचा हात खाली सरकला आणि त्याने हिरव्यासमोर खूण केली. कागदाची घडी घालताना तिला पहिल्यांदा वाटलं ते समाधान. ते खोटं म्हणता येणार नाही. फसवणाऱ्याला फसवल्याचं समाधान ते.

ती ऊन घेत घराकडे चालू लागली. कॉजवेच्या अलीकडे मागून हॉर्न वाजला. बौरोची बस तिच्या शेजारी येऊन थांबली, नीट, रस्त्याच्या कडेला. बस भरलेली होती, लाल-हिरवे दोन्ही, मतदान करून निघालेले, गप्प. पुढची, त्याच्या शेजारची जागा रिकामी होती; तिथे लाल फडकं घडी करून ठेवलं होतं, ते त्याने उचलून मांडीवर घेतलं. टपावर झेंडा नव्हता.

"बस," तो म्हणाला.

ती बसली. त्याने गाडी सुरू केली नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तो समोरच्या पाण्याकडे बघत होता, आणि बोलला तेव्हा आवाज बारीक होता, माडावरून खाली यायचा तेव्हा असायचा तसा दमलेला.

"डोळे मिटले, खूण केली आणि पळालो बाहेर. थांबलो असतो तर हात वळला असता गं."

त्या पडद्याआड आपण किती वेळ उभे होतो ते माएरेला आठवलं, आणि कुणीतरी खाकरलं होतं ते. सांगून टाकावं, आत्ता, इथेच. तोंड उघडलं तर नुसतं 'बौरो' एवढंच बाहेर येईल असं तिला वाटलं आणि पुढचं येणार नाही. मागून इओतेबाचा आवाज आला, "काय रे, बहिणीला घेतलंस? तिने दिलं का तुला, की नुसतं घेतलं?" एक-दोघे हसले. बौरोने मान वळवली नाही, आरशात बघूनच बोलला, सगळ्या बसला ऐकू जाईल असा.

"ही माझी बहीण आहे. हिने मला मत दिलंय, मी हिला दिलंय. तिच्या शब्दावर मी शंका घेतली, परवा बस थांबवली नाही, ती माझी चूक. आता माझ्या गाडीत हिला कुणी काही बोलायचं नाही."

बौरोने आरशातली नजर काढून तिच्याकडे वळवली. तो काही विचारत नव्हता. लहानपणी माडाच्या शेंड्यावरून, करवंटी नीट धरलीस ना, एवढं बघायला खाली नजर टाकायचा, तशी ती नजर होती. माएरेच्या भुवया वर गेल्या. बौरोने गिअर टाकला आणि बस निघाली.